मागचं चाक आणि तंजावरची वाट

तंजावरहून परत येऊन आठ दिवस झाले. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी मुलगी अजून विचारते, "नखांना काय लावलंयस?" काही लावलेलं नाही. टायरचा काळा रंग आहे तो, साबणानं जात नाही. आणि खरं सांगायचं तर इतक्यात जाऊच नये असं मला वाटतंय. तांबरमहून तंजावरला रोज कितीतरी माणसं जातात, रेल्वेनं, बसनं, मोटारीनं. पण आपल्या हातानं चढवलेल्या टायरवर, मागे सहासष्ट वर्षांच्या बाईंना बसवून जाणं ही चीजच वेगळी. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

मी मूळची कऱ्हाडची. चार वर्षांपासून श्रीपेरुंबुदूरजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यात आहे. गाडीला बसवलेली चाकं तपासणं हे माझं काम. आमच्याकडे रिमवर टायर चढवायला यंत्र आहे. जांभई द्यायला तोंड उघडावं आणि मिटेपर्यंत टायर चढलेला असतो. हजारो चाकं मी पास केली असतील, पण हातानं एकही टायर कधी काढला नव्हता.

राहते चेन्नईजवळ तांबरमला, सरोजाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. त्या खाली एकट्या असतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे आवाज अजून खणखणीत आहे. घराणं तंजावरचं, मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की पोथीतलं माणूस तमिळ सुरात बोलतंय असं वाटतं. मी घर बघायला आले तेव्हा "जेवण झालें कीं?" असं विचारून त्यांनी मला पाटावर बसवलं, आणि भाड्याची गोष्ट ताक पिऊन झाल्यावर काढली. मी त्यांना काकू म्हणते.

जूनमध्ये एका गुरुवारी त्यांना तंजावरहून फोन आला. त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. नऊ वर्षांनी! काकूंचा मुलगा प्रसन्ना चेन्नईत पेरुंगुडीला आयटीत आहे. त्यानं नऊ वर्षांपूर्वी दिव्याशी लग्न केलं. दिव्या दुसऱ्या जातीची, म्हणून अण्णा लग्नाला आले नाहीत. काकूंनी फोनवर सांगितलं होतं, "मग माझ्या दारीं कधींच येऊं नको." त्यानंतर दोघंही गप्प. आता अण्णांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. तमिळ मुलखात ऐंशी वर्षांचा मोठा सोहळा करतात. नवरा-बायकोला पुन्हा पाटावर बसवून नातेवाईक त्यांच्यावर कलशाचं पाणी घालतात. अण्णा एवढंच म्हणाले होते, "सरोजा, तूं येऊन पाणी घाल."

काकूंना जायचं होतं. पण रेल्वे भरलेली. बसमध्ये त्यांना पहिल्या वळणापासून उलट्या होतात. आणि प्रसन्नानं तमिळमध्ये साफ सांगितलं, "अम्मा, त्यांनी एकदा बोलावलं की तू लगेच धावणार? मी येणार नाही, गाडीही देणार नाही."

त्या संध्याकाळी मी जिन्यावरून खाली येत होते. काकू म्हणाल्या, "अश्विनी, तुझ्या मोटरसायकलीवर मागें बसलें तर उलटी होते कीं नाहीं?"

मला हसू आवरेना. मग लक्षात आलं, त्या अजिबात हसत नव्हत्या.

गच्ची, तांबरम

माझी मोटरसायकल कऱ्हाडहून रेल्वे पार्सलनं आणलेली. स्पोकची चाकं, आत ट्यूब. टायर गुळगुळीत झाले होते आणि कडेला भाजलेल्या पापडासारख्या चिरा पडल्या होत्या. त्यावर काकूंना बसवून सव्वातीनशे किलोमीटर न्यायचा प्रश्नच नव्हता. टायर मी आधीच मागवून ठेवले होते. पण जवळच्या दुकानदारानं बाहेरून आणलेले टायर बसवायला नकार दिला. दुसरा म्हणाला, दोन आठवड्यांनी या.

"घरींच कां नाहीं घालत?" काकू म्हणाल्या. "तुझें कामच तें ना?"

तेच मला लागलं. रविवारी सकाळी दोन्ही चाकं सोडवून, एकेक खांद्यावर घेऊन गच्चीवर नेली. मोटरसायकल खाली विटांवर उभी राहिली, चाकांशिवाय अगदी बिचारी दिसत होती. गच्चीवर काकूंचे वडाम वाळत होते. आमच्याकडच्या कुरडयांचे हे धाकटे भाऊ, तांदळाचे. त्यांच्या शेजारी मी नवे टायर उन्हात पसरले. चेन्नईच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण टायर बदलायला याच्यासारखा मदतनीस नाही. दहा वाजेपर्यंत रबर कणकेसारखं मऊ झालं होतं.

पहिली लढाई जुना टायर रिमपासून सुटा करण्याची. टायरची कड रिमच्या खोबणीत अशी घट्ट बसते की हवा काढली तरी हलत नाही. मी वर उभी राहिले, नाचले, घाम निथळला. काही नाही! काकू एका बाजूला छत्री धरून बसल्या होत्या. त्या उठल्या, खाली गेल्या आणि ओरडल्या, "अगे, हें उचलायास ये." पाहते तर डोशाचं पीठ वाटायच्या दगडी रगड्याचा वरवंटा. आता मिक्सर आल्यापासून तो कोपऱ्यात पडून होता. दोघींनी तो वर नेला, टायरच्या कडेवर टेकवला आणि मी त्यावर बसले. खस्स! कड सुटली. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरचा माणूस कपडे वाळत घालायचं सोडून बघायला लागला.

मग पुढचं सुरू झालं. खोबरेल तेलाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे कापून रिमवर ठेवायचे, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. त्यावरून लोखंडी पट्ट्या कडेखाली घालायच्या, एक दाबून धरायची, दुसरी चार बोटं पुढे. भांड्याच्या साबणाचं पाणी सगळीकडे फासायचं. कड थोडी थोडी वर येते, आणि एका क्षणी जणू हार मानून सगळीच बाहेर पडते. ट्यूबला लावायला पावडर हवी होती. काकूंनी तोंडाला लावायची चंदनाची पावडर आणून दिली. माझं मागचं चाक आतून अजूनही सुगंधी आहे.

पुढचं चाक तासाभरात झालं. मागचं चढवलं, हवा भरली, कड खोबणीत बसताना बंदुकीसारखा आवाज झाला, ठाप! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग माझं लक्ष टायरवरच्या बाणाकडे गेलं. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण. तो उलटीकडे होता.

सगळं पुन्हा. ऊन डोक्यावर आलेलं. आणि दुसऱ्या खेपेला मी घाई केली. शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. ती साबण लावून, समोरची बाजू दाबून, हळूहळू हातानं बसवायची असते. मी पट्टी घुसवून जोरात उचकटली. आत काहीतरी मऊ लागल्यासारखं वाटलं. क्षणभरच. कड बसली, हवा भरली, हवा राहिली. मी स्वतःला सांगितलं, झालं.

दुपारी काकूंनी पिठलं आणि डांगर वाढलं. डांगर म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून. आमच्याकडेही डांगर करतात, पण इथे वरून मोहरी-कढीपत्त्याची तमिळ फोडणी. जेवताना काकू मध्येच म्हणाल्या, "दुसऱ्यांदा तुजला पांच मिनिटें कमी लागलीं." त्या मोजत होत्या!

बुधवारी मागच्या चाकात हवा जरा कमी वाटली. मी भरली आणि विसरून गेले. निदान तसं ठरवलं.

तांबरम ते नेयवेली

शनिवारी पहाटे निघालो. काकूंनी नऊवारी नाही, नातीच्या शाळेतल्या खेळांच्या दिवसासाठी घेतलेला सलवार-कमीज घातला होता, पायांत कॅनव्हासचे बूट. पाठीवर पिशवी, तिच्यात अण्णांसाठी धोतरजोडी. प्रसन्नाला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. शुक्रवारी तो आला, मला जिन्यात गाठून म्हणाला, "अश्विनी, प्लीज, नो. शी इज सिक्स्टी-सिक्स." मी काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाल्या, "सिक्स्टी-सिक्स तर सिक्स्टी-सिक्स. ऐकायास येतें मज." तो गेला. रागावून गेला.

पण रस्त्याला लागलो आणि मी सगळं विसरले. नवे टायर! ज्यांनी नव्या टायरवर गाडी चालवली नसेल त्यांना कसं सांगू? वळणावर गाडी आपोआप झुकते आणि आपोआप सरळ होते, लोण्यावरून सुरी फिरावी तशी. चेंगलपट्टूचं मोठं तळं डावीकडे लखलखत होतं. काकू पहिले वीस किलोमीटर माझा खांदा पिळून धरून होत्या. मग पकड सैल झाली. मग त्या बोलायला लागल्या, आणि टेलिफोन ऑपरेटरचा आवाज हेल्मेटमधूनसुद्धा ऐकू येतो. ट्रकवर काय लिहिलंय, कुठल्या देवळाला नवा रंग दिलाय, सगळं मला मागून कळत होतं. उलटी? नावच नाही.

तिंडिवनमच्या अलीकडे इडली खाल्ली. केळीच्या पानावर तीन चटण्या आणि सांबार. "सांबार आमचें आहे," काकू वाढणाऱ्याला तमिळमध्ये ऐकवत होत्या, "तंजावरच्या मराठ्यांनीं केलें पहिल्यांदा." त्यानं अजून एक पळी वाढली. वाद घालण्यापेक्षा बरं.

पणरुटीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फणस. ढीग नाही, भिंती! कोकणातला माणूस इथे आला तर गप्प होईल. एका बाईनं फणस फोडून गरे पुढे केले. गऱ्यांचा रंग थेट झेंडूचा. दोघींनी इतके खाल्ले की काकू म्हणाल्या, आतां मज दोरीनें बांध, नाहींतर पडतें.

काकूंच्या कंबरेला एका दिवसात सगळं अंतर झेपलं नसतं, म्हणून मुक्काम नेयवेलीला ठरवला होता. तिथे त्यांची टेलिफोन खात्यातली मैत्रीण राहते. तिच्या अंगणात गाडी लावली आणि सवयीनं मी मागच्या चाकावर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

हवा भरायचा पंप, लोखंडी पट्ट्या, ठिगळं, साबण, सगळं माझ्याजवळ होतं. आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली. बुडबुडा नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक होता. म्हणजे ट्यूब. हे मला त्याच क्षणी कळलं, कारण याच गोष्टी कळण्याचा मला पगार मिळतो. कारखान्यात असं चाक समोर आलं असतं तर मी लाल खूण करून बाजूला काढलं असतं. पण आत त्या दोघी मैत्रिणी हातात हात घेऊन हसत होत्या. उघडून बघायचं म्हणजे माझी चूक सगळ्यांसमोर येणार. उन्हाचा परिणाम असेल, मी स्वतःला म्हटलं, आणि हवा भरून आत गेले.

वीराणमचा बांध

रविवारी साडेपाचला निघालो. पाणी घालायचा विधी नऊ ते साडेदहा. साडेआठला पोचू असा हिशेब. सकाळ इतकी सुंदर की काय सांगू! कावेरीचं पाणी सुटलेलं, भाताची रोपं हाताएवढी, हिरवा रंग डोळ्यांत मावत नव्हता. वीराणम तलावाचा बांध लागला. एका बाजूला मैलोन् मैल पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. काकू गात होत्या. मला शब्द कळत नव्हते, बहुतेक त्यांनाही आठवत नव्हते.

आणि गाडीचा मागचा भाग माशाच्या शेपटीसारखा हलला.

मी ब्रेक लावला नाही. तेवढं सुचलं. वेग आपोआप कमी होऊ दिला. चाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. काकूंचे दोन्ही हात माझ्या पोटाभोवती आवळले गेले. बांधाच्या कडेला गाडी थांबली तेव्हा उतारापासून आम्ही हातभर अंतरावर होतो. मागचा टायर सपाट.

काकू उतरल्या.  "काय झालें?"

"पंक्चर."

"नव्या चाकास?"

मला खोटं बोलता आलं असतं. खिळा घुसला म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. तोंड उघडलं, आणि सगळंच बाहेर पडलं. गच्चीवरची घाई, बुधवारची हवा, काल संध्याकाळचा अंगठा.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "मज सांगायाचें होतें. बसायाचें कीं नाहीं, तें मीं ठरविलें असतें."

"हो, काकू."

"रडूं नको. रडून चाक निघत नाहीं. काढ."

घड्याळात पावणेसात. रविवार, आसपास एकही दुकान नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवत होते तेवढ्यात बांधाखालून बदकं वर यायला लागली. पाच-पन्नास नाही, शेकड्यांनी! कलकलाट करत ती आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. मागून काठी घेतलेला एक पन्नाशीचा माणूस आणि त्याचा कुत्रा. त्याचं नाव मारियप्पन. या भागात बदकं घेऊन कापलेल्या शेतांतून हिंडणारी माणसं असतात, त्यांपैकी एक. त्यानं चाकाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि कुठे निघालात विचारलं. काकूंनी दोन वाक्यांत नऊ वर्षं सांगून टाकली. मारियप्पननं कुत्र्याला बदकांच्या राखणीला लावलं, लुंगी वर खोचली आणि बसकण मारली. "सेरी," म्हणजे बरं, तो म्हणाला. "मी काय धरू?"

चाक निघालं. वरवंटा नव्हता. मारियप्पन कडेवर उभा राहिला, काकू त्याच्या शेजारी, दोघंही माझ्या खांद्याला धरून. खस्स! ट्यूब बाहेर ओढली, थोडी हवा भरली आणि तलावात बुडवली. बुडबुड्यांच्या दोन बारीक माळा वर आल्या, शेजारी शेजारी. साप चावल्यासारख्या दोन चिरा. खिळ्यानं अशी जोडीनं भोकं पडत नाहीत. ती पट्टीचीच खूण होती, माझ्या हाताची. काकूंनी वाकून नीट पाहिलं. 

घासलं, गोंद लावला, वाळू दिला, ठिगळ दाबून धरलं. तेवढ्या वेळात मारियप्पननं डबा उघडला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्यात ताक आणि छोटे कांदे. घ्या म्हणाला. आमच्याकडे शिळ्या भाताला फोडणी देतात. हे थंड, आंबूस, पोटात गेल्याबरोबर अंगावर शहारा आणणारं. काकूंनी डबा तोंडाला लावला, घटाघटा प्यायल्या, ओठ पुसले आणि मला मराठीत म्हणाल्या, "अण्णानें हें पाहिलें तर पुन्हा नऊ वर्षें बोलणार नाहीं." आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसल्या.

आता चढवायचं. बाण पाहिला. पुन्हा पाहिला. ट्यूब आत, पहिली बाजू, दुसरी बाजू. शेवटची वीत आली. तीच वीत! माझा हात आपोआप पट्टीकडे गेला.

"हातानें," काकू म्हणाल्या.

त्या समोरच्या बाजूला गुडघे टेकून बसल्या, कॅनव्हासचे बूट बदकांच्या चिखलात, आणि दोन्ही गुडघ्यांनी कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली. मारियप्पननं दोन्ही टोकांना टाचा रोवल्या. मी साबणाचं पाणी लावलं आणि अंगठ्यांनी ढकलत राहिले. हलेना. अजून. काकू ओरडत होत्या, मारियप्पन ओरडत होता, बदकं तर ओरडतच होती. आणि एकदम, प्लप्! आत गेली. पट्टीशिवाय! मी काकूंना मिठीच मारली. आमच्या दोघींच्या कोपरापर्यंत काळं झालं होतं.

हवा भरली. आणि मग मी असं काही केलं जे आदल्या दिवशी करायला हवं होतं. पूर्ण दहा मिनिटं थांबले. काकू घड्याळाकडे बघत होत्या तरी थांबले. मग मारियप्पननं अंगठा दाबला, काकूंनी दाबला, मी दाबला. दगड!

"आता तुम्ही ठरवा," मी म्हटलं. "बसायचं की नाही."

काकूंनी हेल्मेट चढवलं. पाय टाकून बसल्या.

तंजावर

निघायला नऊ वाजले होते. अणैक्करैचा अरुंद जुना पूल, खाली कोल्लिडम नदीचं रुंद पात्र, कशाकडे धड पाहिलं नाही. कुंभकोणमच्या कॉफीचा नुसता वास घेतला. गाडी मी जपून चालवली. काकूंनी एकदाही लवकर चल म्हटलं नाही.

तंजावरचं मोठं देऊळ दिसलं तेव्हा साडेअकरा होत आले होते. सोहळा एका लहानशा मंगल कार्यालयात होता. बाहेर केळीचे खांब, आत जेवणाची पंगत बसलेली. वाजंत्री वाद्यं पिशवीत भरत होते. फरशी ओली होती, आणि दोन स्त्रिया ती पुसून घेत होत्या. संपलं होतं सगळं.

काकू दारातच थांबल्या. सलवारीवर चिखल, हात कोळशासारखे. मांडवातली माणसं वळून वळून पाहायला लागली. समोर कोऱ्या रेशमी धोतरात, कपाळाला गंध लावून, एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी डोळे बारीक केले.

"सरोजा?"

"उशीर झाला, अण्णा."

"कशानें आलीस?"

काकूंनी माझ्याकडे आणि बाहेरच्या मोटरसायकलीकडे बोट केलं. अण्णांना कमी ऐकू येतं, पण दिसतं चांगलं. ते मोटरसायकलीकडे पाहत राहिले. मग उठले, उपरणं काढून बायकोच्या हातात दिलं, त्या ओल्या जागेवर गेले आणि कोपऱ्यात ठेवलेला पाट स्वतः ओढून बसले.

गुरुजी म्हणाले, वेळ निघून गेली, कलशही रिकामे झाले. अण्णांनी ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, कोण जाणे. "पाणी आणा," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून पितळेची घागर आली. नळाचं पाणी. काकूंनी आपले काळे हात एकदा पाहिले, घागर उचलली आणि भावाच्या डोक्यावर धार धरली. रेशमी धोतर भिजून अंगाला चिकटलं. काकू म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या लग्नास आला नाहींस."

"चुकलें," अण्णा म्हणाले.

"मोठ्यानें बोल."

"चुकलें, सरोजा!" पंगतीतले लोक जेवायचे थांबले.

घागर रिकामी झाली. अण्णांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि विचारलं, "प्रसन्ना आला नाहीं?" काकू म्हणाल्या, "तूं बोलव." तिथेच, ओल्या अंगानं, त्यांनी काकूंचा फोन कानाला लावला. मग ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"प्रसन्ना, मी मामा. तूं ये. तुझ्या बायकोस घेऊन ये. लेकीसही."

पलीकडून मग प्रसन्नाचा आवाज, आणि चक्क मराठीत, अडखळत. "मामा... अम्मा नीट पोचली?"

"पोंचली."

"अश्विनीला द्या."

फोन माझ्या हातात आला. "वाटेत काही प्रॉब्लेम?" त्यानं विचारलं. काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली, नको सांगू. मला तीच खूण हवी होती, आणि नकोही होती.

"मागचं चाक पंक्चर झालं," मी म्हटलं. "माझ्या चुकीनं. टायर बसवताना ट्यूब चिमटली होती. काल संशय आला होता, तरी मी पाहिलं नाही. आता नीट आहे."

 वाटलं, आता आपल्याला घर सोडायला सांगणार.

"अम्माला तिथून हलू देऊ नको," तो म्हणाला. "आम्ही निघतोय."

संध्याकाळी दिवेलागणीला त्याची गाडी अण्णांच्या घरासमोर थांबली. दिव्या उतरली. तिची मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. उंबऱ्याबाहेर अण्णांच्या पत्नी हळद-चुन्याच्या लाल पाण्याचं ताट घेऊन उभ्या होत्या, नव्या सुनेला ओवाळतात तसं. दिव्या गोंधळून प्रसन्नाकडे बघायला लागली. अण्णा पुढे झाले. इतक्या वर्षांत काय बोलायचं ते बहुतेक पाठ करून ठेवलं असावं, पण ऐन वेळी एवढंच म्हणाले, "आंत ये, मुली. पाय दुखत असतील." दिव्यानं मला तमिळमध्ये हळूच विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती झोपलेल्या लेकीला कडेवर घेऊन आत गेली.

सोमवारी सकाळी मी निघायची तयारी करत होते. प्रसन्ना बाहेर आला आणि मागच्या चाकाशी बसला. सगळीकडून टायर पाहिला. हवेचा आकडा मला विचारला, मी सांगितला. ठिगळ कसं लावलं ते विचारलं, तेही सांगितलं. तेवढ्यात काकू पाठीवर पिशवी अडकवून दारातून बाहेर आल्या. पायांत ते चिखलाचे बूट.

"अम्मा, गाडी आहे ना आपली," तो म्हणाला. "मागे आरामात झोप."

"गाडींत मज उलटी होते," काकू म्हणाल्या.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहुतेक प्रसन्नाही. तो उभा राहिला, हात झटकले, हँडलला अडकवलेलं त्यांचं हेल्मेट काढलं आणि आईच्या डोक्यावर स्वतः चढवलं. हनुवटीखालचा पट्टा लावताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आम्ही मागेच असू," तो मला म्हणाला. "हळू चालव."

"हळू कशास?" काकू हेल्मेटमधून म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.